‘हे असे का?’ असे विचारणारा संगणक

इंदूर असो, ग्वाल्हेर असो, बडोदे, बेळगाव, हैदराबाद किंवा मडगाव असो, आपल्या माणसांच्या घरी चार पाहुणे जमले की बोलण्याच्या ओघात एक प्रश्न निघतोच : “मुलगा कोणत्या शाखेला आहे? मुलगी काय करते?” उत्तरे बहुधा ठरलेली असतात. कोणी मेकॅनिकलला असतो, कोणी सिव्हिलला, कोणी इलेक्ट्रॉनिक्सला, तर कोणी कॉम्प्युटरला. त्यापाठोपाठ गुणांची, फीची, वसतिगृहाची आणि नोकरीची चौकशी होते. ही चौकशी रास्तच आहे. आईबापांनी ती करू नये असे कोण म्हणेल?

मात्र ह्या सगळ्या चौकशीत एक प्रश्न सहसा राहून जातो. ह्या मुलाने किंवा मुलीने जे साधन योजले, जो आराखडा काढला, तो दुसऱ्याला समजावून सांगता येतो काय? येथे ‘समजावून सांगणे’ ह्याचा अर्थ वक्तृत्व असा आम्ही करीत नाही. सभाधीटपणा वेगळा आणि हे वेगळे. कोणत्याही रचनेत कारणांची एक साखळी असते. हा दांडा खाली दाबला, म्हणून ते चाक फिरले. चाक फिरले, म्हणून दोरी ओढली गेली. दोरी ओढली गेली, म्हणून झडप उघडली. ही साखळी एकही कडी न गाळता सांगता येणे, हेच रचना समजावून सांगणे होय. तोंडी परीक्षेत “हा भाग काढून टाकला तर काय होईल?” एवढे विचारताच चांगल्या गुणांचे विद्यार्थीही गडबडतात. त्यांच्याजवळ उत्तर असते, पण कडी सुटलेली असते.

ह्या कडीची काळजी घेण्यासाठी अमेरिकेतील एका विद्यापीठात एक संगणक-प्रणाली, म्हणजे आजच्या बोलीत एक सॉफ्टवेअर, तयार करण्यात आले. ते विद्यार्थ्याला उत्तर सांगत नाही. त्यालाच सांगावयास लावते आणि त्याच्या सांगण्यात विसंगती दिसली की ती दाखवून देते. त्याची हकीकत आजच्या काळात मुद्दाम सांगण्याजोगी आहे असे आम्हांस वाटते. पण त्याआधी, रचना नीट न सांगितली गेल्याने काय होऊ शकते, ह्याचे एक उदाहरण पाहू.

एक नट आणि दुप्पट भार

१७ जुलै १९८१ ह्या दिवशी अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी ह्या शहरात, हयात रिजन्सी नावाच्या नव्या हॉटेलच्या भव्य दालनात नृत्याचा कार्यक्रम चालला होता. दालनाच्या वरच्या बाजूस छताला टांगलेले पादचारी पूल होते. त्यांतील चौथ्या मजल्याचा पूल बरोबर दुसऱ्या मजल्याच्या पुलावर होता. त्या संध्याकाळी हे दोन्ही पूल खालच्या गर्दीवर कोसळले. ११४ माणसे मृत्युमुखी पडली आणि दोनशेंहून अधिक जखमी झाली.

चौकशीअंती जे कारण पुढे आले ते समजण्यास अभियंता असण्याची गरज नाही. मूळ योजनेत छतापासून निघालेल्या लांब पोलादी सळ्या चौथ्या मजल्याच्या पुलातून आरपार जाऊन थेट दुसऱ्या मजल्याच्या पुलापर्यंत पोहोचणार होत्या. दोन्ही पूल एकाच सळीला, पण आपापल्या नटाच्या आधाराने लटकणार होते. एवढ्या लांब सळीला मध्यभागी नट बसविण्यासाठी आटे पाडणे गैरसोयीचे, म्हणून योजनेत बदल झाला. एका सळीऐवजी दोन सळ्या आल्या : एक छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलापर्यंत, आणि दुसरी त्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत.

कागदावर हा बदल क्षुल्लक दिसतो. पण दोरीच्या मल्लखांबाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. एकाच दोरीवर दोन मुले, एक वर आणि एक खाली, स्वतःच्या हातांनी दोरी धरून लटकली आहेत. प्रत्येकाच्या मुठीवर फक्त स्वतःचे वजन आहे. आता खालच्या मुलाने दोरी सोडून वरच्या मुलाचे पाय धरले, तर दोरीवरचा एकंदर भार तेवढाच राहील. पण वरच्या मुलाच्या मुठीवर दोघांचे वजन येईल. कॅन्सस सिटीत नेमके हेच घडले. चौथ्या मजल्याच्या तुळईखालच्या नटांवर दोन्ही पुलांचा भार आला. मूळची योजनादेखील त्या शहराच्या बांधकाम-नियमांना पुरी पडणारी नव्हती. बदलाने तिची उरलीसुरली ताकद निम्मी केली. आणि बदललेले आराखडे अभियंत्यांच्या कचेरीतून तपासणीचा शिक्का घेऊनच बाहेर पडले होते.

त्या आराखड्याखाली ‘दुसऱ्या मजल्याचा पूल आता छताला न लटकता चौथ्या मजल्याच्या पुलाला लटकतो’ एवढे एक साधे वाक्य कोणी लिहिले असते, तर ‘मग त्याचा भार कोण पेलणार?’ हा पुढचा प्रश्न टाळणे कठीण झाले असते. रेषा गप्प बसू शकतात. वाक्याला मात्र कर्ता आणि क्रियापद लागते, आणि कोण कोणाला पेलतो हे बोलून टाकावे लागते.

कळल्याचा भास

असे का होते? हुशार माणसांनाही स्वतःच्या आकलनातील भोके का दिसत नाहीत? मानसशास्त्रज्ञांनी ह्या प्रश्नाचा चांगला पाठपुरावा केला आहे.

येल विद्यापीठातील लिऑन रोझेनब्लिट आणि फ्रँक कील ह्यांनी २००२ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. कुलूप, कपड्यांची चेन, संडासाची फ्लशची टाकी अशा नित्याच्या वस्तू कशा चालतात हे आपणांस कितपत समजते, ह्याचे मोजमाप लोकांना आधी स्वतःच करावयास सांगितले. त्यांनी ते बऱ्यापैकी उदारपणे केले. मग त्यांना त्या वस्तूच्या कार्याचे टप्प्याटप्प्याने स्पष्टीकरण लिहावयास सांगितले, आणि पुन्हा स्वतःला गुण देण्यास सांगितले. दुसऱ्या वेळी गुण उतरले. लिहू लागल्यावरच त्यांना उमगले की आपल्याला कुलूप उघडता येते, कुलूप समजत नाही.

इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठात रिबेका लॉसन ह्यांनी २००६ साली सायकलीविषयी असाच अभ्यास प्रसिद्ध केला. रोज डोळ्यांसमोर असणारी सायकल; पण तिची साखळी कोठून कोठे जाते, पायटे कोठे असतात, सांगाड्याच्या नळ्या कशा जोडलेल्या असतात हे दाखविताना अनेकांनी अशा सायकली दाखविल्या की ज्या रस्त्यावर चालूच शकल्या नसत्या. काहींची साखळी पुढचे चाकही वेढून बसली होती. मग हँडल वळावे कसे? वाचकांनी हा प्रयोग आज रात्री जेवणानंतर घरी करून पाहावा. कागद, पेन्सिल आणि पाच मिनिटे, एवढेच भांडवल पुरे.

ह्या रोगावर औषधही ह्याच संशोधनाच्या परिसरात सापडते. मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली यंत्रशास्त्रातील सोडविलेली उदाहरणे अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. पुढे ज्यांना प्रश्न चांगले सुटले, ते विद्यार्थी वाचताना प्रत्येक पायरीला ‘हे असे का?’ ह्याचे उत्तर स्वतःशीच देत होते. शिवाय आपल्याला कोठे समजले नाही हेही त्यांना अधिक वेळा जाणवत होते. ज्यांना प्रश्न सुटले नाहीत, ते मात्र ‘समजले, समजले’ म्हणत पुढे सरकत होते. १९९४ साली त्याच संशोधिकेने शाळकरी मुलांना रक्ताभिसरणावरचा उतारा दिला आणि प्रत्येक ओळीनंतर तिचा अर्थ स्वतःला समजावून सांगण्यास सांगितले. नुसता उतारा दोनदा वाचणाऱ्या मुलांपेक्षा ह्या मुलांचे आकलन अधिक खोल झाले.

म्हणजे समजावून सांगणे हे ज्ञानाचे केवळ प्रदर्शन नाही. ज्ञान पक्के होण्याची ती एक रीत आहे. अडचण एवढीच की, समजावून सांगण्यास समोर कोणीतरी लागते. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात एक शिक्षक प्रत्येकाच्या आराखड्यापाशी बसून प्रत्येक कडी विचारू शकत नाही. येथे त्या सॉफ्टवेअरचा प्रवेश होतो.

रेखाटन तपासणारा सोबती

शिकागो शहराला लागून असलेल्या इव्हन्स्टन येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात अभियांत्रिकीच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना एक अनोखा विषय घ्यावा लागतो. ‘रचना आणि संवाद’ असे त्याचे स्वरूप आहे. विद्यार्थ्यांच्या लहान गटांना खऱ्या माणसांच्या खऱ्या अडचणी दिल्या जातात. त्यांत अपंग व्यक्तींना उपयोगी पडतील अशी साधने योजणे हा भाग मोठा असतो. साधन तर योजावयाचेच, पण ते का आणि कसे चालेल हे चित्रांनी व शब्दांनी इतरांना पटवूनही द्यावयाचे. येथील शिक्षकांच्या ध्यानी आले की, मुले रेखाटनाला बिचकतात. ‘मला चित्र काढता येत नाही’ असे म्हणत ती कागदापासून दूर राहतात, आणि कल्पना मनातल्या मनात धूसर राहून जाते.

त्याच विद्यापीठात केनेथ फोर्बस हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक आपल्या सहकाऱ्यांसह ‘कॉगस्केच’ नावाची प्रणाली घडवीत होते. हाताने काढलेल्या चित्राचा अर्थ लावणे हे तिचे काम. ह्या पायावर फोर्बस ह्यांचे विद्यार्थी जॉन वेट्झेल ह्यांनी अभियांत्रिकीच्या नवशिक्यांसाठी एक सोबती उभा केला. आरंभी त्याचे नाव ‘डिझाइन बडी’ होते. पुढे ते ‘डिझाइन कोच’ झाले.

ह्या सोबत्याची कामाची पद्धत मोठी समजूतदार आहे. विद्यार्थी पडद्यावर आपल्या साधनाचा एकेक भाग काढतो आणि तो काय आहे हे स्वतःच नोंदवितो : हा दांडा, ही बिजागरी, ही स्प्रिंग, हा न हलणारा पाया. चित्र सुबक असण्याची अट नाही. वाकडीतिकडी रेषाही चालते, कारण वस्तू ओळखण्याचा भार संगणकावर टाकलेलाच नसतो. जोर कोणीकडे लावला आणि भाग कोणीकडे सरकला हे बाणांनी दाखवावयाचे. साधनाची पहिली स्थिती एका चौकटीत, त्यानंतरची दुसरीत, मग तिसरीत, अशी चित्रकथेसारखी मालिका मांडावयाची. शेवटी ठरावीक साच्याची वाक्ये निवडून भरावयाची : अमुक भाग तमुक भागाला ढकलतो, ह्यामुळे ते घडते, हा भाग त्याला अडवितो. एवढे झाले की विद्यार्थी अभिप्राय मागतो, आणि संगणक त्याची चित्रे व त्याची वाक्ये एकमेकांशी ताडून पाहतो.

लिंबाचे उदाहरण

हे ताडून पाहणे कसे चालते, हे कळण्यासाठी आम्ही एक घरगुती उदाहरण योजतो. समजा, अर्धांगाने एक हात निकामी झालेल्या व्यक्तीसाठी, एका हाताने लिंबू पिळता येईल असे साधन एका विद्यार्थिनीने काढले. पाटावर एक खुंट, खुंटाच्या माथ्यावर आडवा दांडा. दांड्याचा मध्य खुंटाला बिजागरीने जोडलेला. दांड्याच्या डाव्या टोकाखाली एक तबकडी, आणि तिच्याखाली लिंबाची अर्धी फोड. उजवे टोक हाताने खाली दाबावयाचे. वाक्य लिहिले : ‘हात दांड्याला खाली दाबतो, त्यामुळे तबकडी लिंबू खाली दाबते.’

वाक्य कानाला अगदी ठीक वाटते. पण टेकू मध्ये असलेल्या तरफेचे एक टोक खाली गेले की दुसरे वर जाते. शाळेच्या मैदानावरील सी-सॉ हेच शिकविते. सोबती एवढेच सांगेल की, तुझ्या वाक्यात तबकडी खाली जाते. तुझ्या चित्रावरून पाहता ती वर जावयास हवी. आता विचार विद्यार्थिनीने करावयाचा. ती बिजागरी दांड्याच्या अगदी डाव्या टोकाशी नेईल आणि तबकडी बिजागरी व हात ह्यांच्या मध्ये आणील, म्हणजे अडकित्त्यात सुपारी असते तशी. किंवा लिंबू तबकडीच्या वर ठेवून त्याला वरून अडसर देईल. दोन्ही उपाय चालतील; कोणता बरा हे तिने ठरवावे.

तिने पुढच्या चौकटीत दाखविले की, हात उचलताच दांडा आपोआप वर येतो. येथे दुसरी कडी सुटली. त्याला वर उचलले कोणी? चित्रात ना स्प्रिंग, ना वजन. मनात कोठेतरी ‘येईलच वर’ असे गृहीत धरलेले होते. ह्या चौकटीतून त्या चौकटीत जाण्यास काही कारण दिसत नाही, असे संगणकाने दाखविल्याबरोबर ते गृहीत उजेडात येते.

आकड्यांवाचून तर्क

चौकस वाचकाच्या मनात येईल की, ह्या चित्रात मापे नाहीत, वजने नाहीत. मग संगणकाने हिशेब केला कशाचा? ह्याचे उत्तर फोर्बस ह्यांच्या जुन्या संशोधनात आहे. त्यांनी १९८४ साली ‘गुणात्मक प्रक्रियांचा सिद्धान्त’ मांडला. माणसे जगाचा अंदाज आकड्यांनी बांधीत नाहीत; वाढले, घटले, वर, खाली, अडले, सुटले अशा मोजक्या भेदांनी बांधतात. विहिरीच्या रहाटावर दोर ओढला की घागर वर येते हे सांगण्यास घागरीचे वजन ठाऊक असावे लागत नाही. अशाच प्रकारचे तर्क संगणकाला शिकविण्याची ही विद्याशाखा आहे. दिशा, स्पर्श, टेकू आणि अडसर एवढ्या सामग्रीवर डिझाइन कोच तपासणी करतो.

ह्या पद्धतीला एक मर्यादा आपोआपच येते. दांड्याच्या एका टोकाला हात दाबतो आहे आणि दुसऱ्याला वजन खेचते आहे, कोण जिंकेल? आकडे नसताना दांडा ह्या बाजूला झुकेल किंवा त्या, अथवा स्थिरही राहील. प्रणालीला ह्या शक्यता मान्य कराव्या लागतात. साधन पुरेसे मजबूत आहे काय, स्वस्त पडेल काय, वापरणाऱ्याला आवडेल काय, हे तिला सांगता येत नाही. तिचे विश्व सपाट चित्रांचे आणि न वाकणाऱ्या भागांचे आहे. कॅन्सस सिटीच्या नटाची ताकद तिने मोजली नसती. ते गणिताचे काम. मात्र कोण कोणाला लटकते हे वाक्य तिने मागितले असते.

वर्गात ही प्रणाली वापरून पाहिल्यावर वेट्झेल व फोर्बस ह्यांना जो गुण आढळला, तो आम्हांस लक्षणीय वाटतो. विद्यार्थ्यांचा रेखाटनाविषयीचा आत्मविश्वास वाढला. चूक दाखविणारा यंत्र असला की लाज कमी वाटते, आणि चूक खोडून पुन्हा काढण्याचे धैर्य येते, असे आम्ही त्याचे कारण समजतो.

ह्याच कुळातील आणखी दोन प्रयत्नांचा उल्लेख येथे केला पाहिजे. मॅसॅच्युसेट्समधील एमआयटी ह्या संस्थेत क्रिस्टीन अल्व्हाराडो आणि रँडॉल डेव्हिस ह्यांनी २००१ च्या सुमारास ‘असिस्ट’ नावाची प्रणाली दाखविली. तीत उतार आणि त्यावर चाके असलेली गाडी हाताने काढली की संगणक ते चित्र ओळखून गाडी पडद्यावर चालवून दाखवी. पाहणारा थक्क होई. पण गाडी का घसरली हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर येत नसे. उलट, फोर्बस ह्यांच्याच गटाने १९९० नंतरच्या दशकात केलेल्या ‘सायकलपॅड’ ह्या प्रणालीत विद्यार्थी वीजकेंद्राचे किंवा शीतयंत्राचे उष्मागतिकी चक्र रचीत असे. कोणताही आकडा दाखवून ‘हा कोठून आला?’ असे विचारले की, तो कोणत्या गृहीतावरून निघाला हे ती उलगडून दाखवी. आणि दोन गृहीते परस्परविरोधी असली तर अडवी.

उत्तर देणारा आणि उत्तर मागणारा

आता आजच्या परिस्थितीकडे येऊ. २०२२ च्या नोव्हेंबरात ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाले, आणि त्यानंतर तशी अनेक साधने घराघरांत पोहोचली. विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पाचे नाव लिहावे, आणि चार पानांचे सफाईदार स्पष्टीकरण क्षणात समोर यावे, अशी सोय झाली. ह्या साधनांचा आम्ही निषेध करीत नाही. नीट वापरली तर तीही प्रश्न विचारू शकतात. ‘मला उत्तर सांगू नको, माझ्या सांगण्यातील उणीव दाखव’ असे त्यांना बजावता येते.

पण सहज हाताला लागणारी वाट ती नाही. सहज वाट अशी की, कडी विद्यार्थ्याच्या मनात सुटलेली असते आणि कागदावर मात्र साखळी अखंड दिसते. पूर्वी अडखळणारे वाक्य पाहून शिक्षकाला दुखणे कळे. आता वाक्य अडखळतच नाही. शिवाय ही साधने कधी कधी चुकीची गोष्टही तितक्याच सफाईने सांगतात, आणि ती चूक ओळखण्यास जे आकलन लागते, तेच मिळविण्याचा प्रसंग त्यांनी विद्यार्थ्याकडून काढून घेतलेला असतो. डिझाइन कोचसारख्या प्रणालीची साच्यातील वाक्ये ह्यांच्यापुढे ओबडधोबड वाटतील. पण तिने प्रत्येक वाक्य विद्यार्थ्याकडूनच वसूल केलेले असते. व्यायामशाळेत दुसऱ्याने उचललेल्या वजनाने आपला दंड भरत नाही, हे आपल्या लोकांना सांगावयास नको.

आपल्या घरी काय करता येईल

शेवटी आपल्या घराचा विचार करू. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मुलांची भाषिक रीत निराळी असते. शिक्षण इंग्रजीतून, मित्रमंडळींत हिंदी, गुजराती, कन्नड, कोंकणी किंवा तेलुगू, आणि घरी मराठी. ह्याला आपण बहुधा अडचण मानतो. रचना समजावून सांगण्याच्या कामी मात्र हीच गोष्ट सोयीची ठरू शकते. इंग्रजी पारिभाषिक शब्दांच्या आड पुष्कळ अज्ञान दडून राहते. ‘टॉर्क ट्रान्समिट होतो’ असे म्हटले की ऐकणारा मान डोलावतो, आणि म्हणणाराही स्वतःवर खूश होतो. तेच आजीला मराठीत सांगावयाचे झाल्यास ‘कोण कोणाला फिरवितो आणि कशाने?’ हे सांगावेच लागते. तरफ, कप्पी, पाचर, दट्ट्या, आस, बिजागरी, दाते असे नेमके शब्द आपल्या भाषेत आहेत. जेथे शब्द नसेल तेथे इंग्रजी शब्द खुशाल वापरावा. क्रियापद मात्र आपले असावे.

ही कल्पना आपल्या समाजाला नवी नाही. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली त्रिभुवनदास गज्जर ह्यांनी ‘कलाभवन’ काढले, तेव्हा कारागीर आणि तंत्रज्ञ घडविताना तांत्रिक शिक्षण लोकांच्या भाषेतून द्यावे असा त्यांचा कटाक्ष होता, आणि रेखनकलेला तेथे मानाचे स्थान होते. आज त्याच संस्थेची परंपरा महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा चालविते. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने काही महाविद्यालयांना मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास अनुमती दिली, तो विचारही त्याच दिशेचा. परंतु महाविद्यालयाची भाषा कोणतीही असो, घरातील प्रश्न आपल्या हाती आहेत.

उदाहरणार्थ, स्वयंपाकघरातील कुकर घ्यावा. मुलाला किंवा मुलीला कागद देऊन तीन गोष्टी सांगाव्यात : भाग काढ, बाण काढ, आणि प्रत्येक बाणाखाली ‘म्हणून’ असलेले एक वाक्य लिही. आच लागते, म्हणून पाण्याची वाफ होते. झाकण घट्ट आहे, म्हणून वाफ कोंडते. कोंडते, म्हणून दाब वाढतो. दाब वाढतो, म्हणून पाणी शंभर अंशांवर न उकळता सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत तापते. तापमान चढते, म्हणून डाळ लवकर शिजते. दाबाचा जोर शिटीच्या वजनाहून अधिक झाला, म्हणून शिटी उचलली जाते. मग आपण विचारावे : शिटीच्या भोकात डाळीचा कण अडकला तर? झाकणावरची ती दुसरी लहान झडप कशासाठी आहे? उत्तर आले तर उत्तम. न आले तर रागावू नये. कोठे अडले तेवढे दाखवावे आणि पुन्हा कागद पुढे करावा.

हे प्रश्न विचारण्यासाठी आईने अभियंता असावे लागत नाही. किंबहुना नसलेलेच बरे. कारण तिला न समजलेली कडी ती गृहीत धरीत नाही. इव्हन्स्टनच्या संगणकाचे काम आपल्याकडील एखादी चौकस आजी विनामूल्य करू शकेल, मात्र तिने ‘असेल बाई काहीतरी’ म्हणून प्रश्न सोडून देता कामा नये.

आमची मुले पुढे पूल बांधतील, यंत्रे रचतील, रुग्णालयांतील उपकरणांच्या आज्ञावल्या लिहितील. त्यांच्या आराखड्यांखालून अनोळखी माणसे निर्धास्तपणे ये-जा करतील. त्या माणसांच्या वतीने ‘हे कोणाच्या आधारावर उभे आहे?’ असे विचारण्याची सवय मुलांना लागावयाची असेल, तर ती नोकरीच्या पहिल्या दिवशी लागणार नाही. तिचा आरंभ घरच्या ताटावर, कुकरची शिटी होत असतानाच करावा, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.